शेलतळ्याचे सोनकमळ

राणीसावरगावच्या थांब्यावर एसटीतून उतरताच भुजंग वाव्हळे याने पहिले काम केले ते हे, की पिशवीतले भिंग काढून त्यावर धरलेला दमटपणा रुमालाने पुसला. गंगाखेडच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या या माणसाची ती खोडच होती. मन ठिकाणावर नसले, की तो हातांना एखादे नेमके काम देई. आणि आज मन ठिकाणावर राहावे असे काही घडले नव्हते. त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, मुंजाजीवर, गावच्या तळ्यात विष कालविल्याचा आळ आला होता.

शेलतळे हे राणीसावरगावाहून पायवाटेने गाठायचे गाव. महादेवाच्या देवळापुढे जुने तळे, आणि तळ्यावरूनच गावाला नाव पडलेले. आठवडाभर झड लागली होती. सूर्य दिसला नव्हता, वाराही पडला होता. अशा एका पहाटे तळ्यातले मासे मरून वर आले. तळ्याचा ठेका सिताराम भोई याच्याकडे होता. त्याने काठावर येऊन कपाळाला हात लावला. त्याच्यामागून आलेल्या गावाने मात्र कपाळाला हात न लावता बोट दाखविले. बोट पलीकडच्या काठाकडे होते. तिथे बौद्धांची वस्ती होती.

गावापाशी पुरावाही होता, आणि वरवर पाहता तो बिनतोड होता. देवळाच्या काठाचे मासे मेले होते, वस्तीच्या काठाचे जिवंत होते. ज्यांच्या दारचे मासे वाचले त्यांनीच दुसऱ्यांच्या दारचे मारले, या तर्कात कोणाला फट दिसत नव्हती. त्यातून मुंजाजी व्यंकटराव पाटलांच्या कपाशीवर फवारणीला जात असे. औषधाचे डबे त्याच्या हाताखालून गेले होते. पाण्याची बाटली तपासणीला रवाना झाली होती, पण उत्तर यायला महिना लागेल असे फौजदार स्वतःच सांगून गेले होते. उद्या सकाळी ते पुन्हा येणार होते, आणि या खेपेला त्यांची जीप रिकामी परतणार नाही असे चावडीवर बोलले जात होते. साल त्र्याण्णवचे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पुन्हा तापू लागला होता. अठ्ठ्याहत्तर साली याच वादात शेलतळ्याच्या वस्तीवरची छपरे जळाली होती, आणि त्या वेळी तर मासेही मेले नव्हते.

भुजंग वस्तीकडे न वळता आधी तळ्याच्या बांधावर गेला. तिथे उभा राहिल्यावर त्याला प्रथम जाणवले ते हे, की तळे दिसतच नाही. देवळाच्या घाटापासून मध्यापर्यंत पानावर पान चढले होते. खालच्या पानांना जागा पुरली नाही म्हणून वरची पाण्याबाहेर उभी राहिली होती, आणि पाण्याचा एक हातभर तुकडाही आभाळाला उघडा नव्हता. अधूनमधून पिवळ्या कळ्या मिटून होत्या. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. पलीकडे, वस्तीच्या काठाला, मात्र मोकळे पाणी हलत होते. तिथल्या बाया धुण्यासाठी पाने ओढून काठावर टाकीत, आणि ती तिथे वाळून काळी पडली होती.

घाटाकडे तसे कोणी करीत नसे. त्याला कारण होते. देवळावर कळस चढला त्या साली घाटासमोर हे पिवळे फूल पहिल्यांदा उमलले, तेव्हा देवानेच कौल दिला असे व्यंकटरावांनी जाहीर केले, आणि गावाने मानले. फुलाचे नाव पडले सोनकमळ. दुपारी उमलले, की पुजारी ते खुडून पिंडीवर वाहायचा. पुजाऱ्यावाचून कोणी त्याला हात लावायचा नाही, घाटाच्या पाण्यात विळा न्यायचा नाही, पान तोडायचे नाही. चार पावसाळे हा नेम कोणी मोडला नव्हता.

भुजंगला या तळ्यातली जुनी पोयणी, कमळाचीच लहान जात, आठवत होती. बहिणीच्या लग्नात तो शाळकरी असताना त्याने ती याच बांधावरून पाहिली होती: फिकी निळी, विरळ, एकमेकींपासून अंतर राखून असलेली, आणि मधल्या पाण्यात बुड्या मारणारी टिबुकली पाखरे. आज त्याला ना एक निळे फूल दिसले, ना एक टिबुकली.

बांधाच्या टोकाशी सिताराम भोई जाळ्याची गाठ सोडवीत बसला होता. सोडवून उपयोग नव्हता, तरी सोडवीत होता.

"सितारामभाऊ, मेलं ते कोणकोणतं?" भुजंगने विचारले.

"रोहू, कटला. समदं मोठं मोठं."

"आणि मरळ?"

सितारामने हात थांबविला. "मरळ..." तो म्हणाला, "मरळ मेलेली न्हाई बघितली बा."

"बेडूक?"

"बेडकं कशाला मरत्यात. रातभर कान किटवायलीत."

"मेलेले मासे कावळ्या-बगळ्यांनी खाल्ले असतील."

"खाल्ले की. खाऊन तिथंच पिपळावर बसलेत ढेकर देत." मग त्याने भुजंगकडे नीट पाहिले. "मास्तर, तुमी सोयऱ्याच्या बाजूनं बोलायला आलाव, ते मला कळतंय. मला कोनाच्याच बाजूनं बोलायचं न्हाई. माझं वर्स गेलं."

भुजंगला तेवढे पुरे होते. मरळ हा मासा पाण्यावर तोंड काढून हवा घेऊ शकतो. रोहू-कटल्यांना ते साधत नाही, त्यांना पाण्यात विरघळलेल्या हवेवरच जगावे लागते. विष अशी निवड करीत नाही. म्हणजे मासे गुदमरले होते. पानांच्या छताखाली उजेड नाही, वारा नाही, कुजलेल्या पानांनी उरलेली हवाही खाल्ली. झडीच्या आठवड्याने शेवटचा घोट हिरावून घेतला. वस्तीकडचे मासे वाचले, कारण तिथले छत बायांनी धुण्यासाठी काढून टाकले होते.

पण एवढ्याने भागणार नव्हते, हे त्याला लगेच उमगले. गाव म्हणेल, तळ्यात कमळे आमच्या आज्यापासून आहेत, तेव्हा मासे कसे मेले नाहीत? या प्रश्नाला एकच उत्तर होते: हे ते नव्हे. आणि ते नव्हे असे म्हणायचे, तर हे काय आहे ते आधी ठरविले पाहिजे.

वस्तीच्या काठाने जाताना त्याने सोनकमळाचे एक झाड मुळासकट वर ओढले, आणि त्याच वेळी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. समाजमंदिराच्या पायरीखाली, पाण्याच्या कडेला, दगडांचे एक अर्धवर्तुळ होते. दगड मुद्दाम रचलेले होते. आत याच झाडाचा एक जाडजूड, काळपट गड्डा होता, आणि भोवतालची सगळी पाने ओढणाऱ्या बायांनी तेवढा गड्डा सोडून दिला होता. त्याने तिथे क्षणभर पाहिले आणि तो बहिणीच्या घरी गेला.

तानुबाईने भावाला पाणी दिले आणि मग त्याच्या सांगण्यावरून पितळेची परात भरून ओसरीत ठेवली. मुंजाजी भिंतीला टेकून बसला होता. दोन दिवसांत त्याला चार वेळा चावडीवर बोलाविले होते, आणि चारही वेळा त्याने पागोटे नीट बांधून जाण्याची काळजी घेतली होती.

भुजंगने झाड परातीत पसरले. नाव त्याच्या जिभेवर बांधावरच आले होते. पण नाव जिभेवर येणे निराळे आणि ते सिद्ध होणे निराळे, हे तो दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना बजावीत असे, आणि आज स्वतःला बजावीत होता. त्याने एकेक खूण घेतली. पानाच्या वरच्या अंगाला तपकिरी-जांभळे डाग. खालचे अंग तांबूस. पानाच्या कडेला दाते नाहीत. रात्री फुलणाऱ्या पांढऱ्या जातीला ते असतात, आणि तिच्या पानाखाली लव असते, तीही इथे नव्हती. कळी चिरली, पाकळी थेट पिवळी. आपल्याकडच्या तळ्यांत आपोआप वाढणाऱ्या कुठल्याच पोयणीची पाकळी पिवळी नसते. मग त्याने बोटांनी मुळांचा चिखल धुतला. गड्ड्यातून सुतळीएवढी पांढरी दोरी निघून चिखलात आडवी धावली होती, आणि तिच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढ्या, वाकड्या वाकड्या, मांसल मुळांचा एक घोस होता.

"केळीची फणी दिसायलीय की," तानुबाई वाकून म्हणाली. "बाहुलीला वाढायची."

"तीच खूण, आक्का." भुजंगने भिंग खाली ठेवले. "आपली पोयणी असं करीत नाही. ती जिथं आहे तिथं राहते. हिचं एक झाड चिखलातून धावतं, धावेल तिथं नवं झाड करतं. आणि ही फणी तुटून पडली, की ती कुठंही रुजते. हिचं नाव निम्फिया मेक्सिकाना. अमेरिकेच्या बाजूची आहे. लोक बागेतल्या हौदात लावतात."

हौद हा शब्द ऐकून मुंजाजीने मान खाली घातली. भुजंगने ते पाहिले.

"दाजी, समाजमंदिराच्या पायरीखाली दगडांचं आळं कोणी केलंय?"

तानुबाई परातीच्या कडेवरून बोट फिरवीत राहिली, आणि शेवटी तीच म्हणाली, "सांगा की. भावापुढं काय लपवायलाव."

"मीच केलंय," मुंजाजी म्हणाला. "नांदेडला एका डागदराच्या बंगल्यावर बागकामाला होतो न्हाई का मी, ते वर्स. त्यांनी हौद साफ केला. हे समदं उपसून उकिरड्यावर टाकलं. लय देखणं फूल, भुजंग. पिवळंधमक. म्हन्लं, आपल्या बुद्धाच्या मूर्तीफुडं असं फूल कोनी वाहिलं नसंल. वल्या फडक्यात एक मूळ बांधून आणलं."

"आणि घाटाकडे कसं गेलं?"

"मी न्हाई नेलं. आपलं आपलंच गेलं." मुंजाजीच्या ओठांच्या कडेला काही हलले. "त्यांचा कळस बसला, आन त्याच साली हे घाटाफुडं फुललं. व्यंकटराव म्हन्ले, देवानं कौल दिला. आता आमी काय म्हनाव?"

"हसत होते रोज," तानुबाई म्हणाली. "दुपारी देवळात घंटा वाजली, की ह्ये म्हनायचे, घ्या, चढलं आपलं फूल. वस्तीत लेकरायला बी ठावं हाय. चार वर्सं नुसतं पोट धरून हसलो आमी. आता त्यांला कळलं तर?"

पागोळ्यांचे पाणी दगडावर पडत होते.

भुजंग अत्यंत काटेकोर माणूस होता. वाळविलेल्या नमुन्यावर झाड कोठून आणले हे लिहिले नसेल, तर तो नमुना फेकून देणारा. त्याने आयुष्यात प्रथमच एका झाडाच्या उगमाविषयी खोटे बोलायचे ठरविले, आणि ते किती सहज जमते याचे त्याला नवल वाटले.

"पाणपक्ष्यांच्या पायाला चिकटून झाडं या तळ्यातून त्या तळ्यात जातात," तो म्हणाला. "शास्त्राला हे मान्य आहे. उद्या कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन."

"पर हे तसं आलं न्हाई," मुंजाजी म्हणाला.

"नाही."

"मंग त्ये त्यांचं फूल काडू देतील का?"

हाच तो प्रश्न होता, आणि भुजंग तो टाळीत होता. पाखराने आणलेले फूल हे देवाने पाठविलेलेच फूल राहील. घाटाच्या पाण्यात विळा जाणार नाही. पुढच्या झडीला पुन्हा मासे वर येतील, पुन्हा वस्तीकडे बोट जाईल, आणि त्या वेळी कदाचित गंगाखेडहून कोणी मास्तर वेळेवर पोचणार नाही. उलट, मुंजाजीने लावले, एवढे दोन शब्द उच्चारले, तर गाव त्या फुलाचे नखही तळ्यात ठेवणार नाही. शास्त्राने जे होणार नव्हते ते त्यांचा विटाळ करून दाखवील. फक्त गाव फुलापाशी थांबेल की वस्तीत शिरेल, हे कोणत्याच ग्रंथात लिहिलेले नव्हते.

"उद्या तुम्ही बोलू नका, दाजी," तो म्हणाला. "मला वचन द्या."

मुंजाजीने वचन दिले नाही. त्याने परातीतले पाणी अंगणात ओतले आणि झाड चुलीकडे नेले.

सकाळी फौजदार आले तेव्हा उजाडले होते, पण आभाळ तसेच होते. घाटावर गाव जमले होते. वस्तीची माणसे पलीकडच्या काठावर उभी होती, आणि दोन्हींच्या मधे, बांधावर, भुजंग. त्याच्या शेजारी मुंजाजी, स्वच्छ पागोटे बांधून. घाटाच्या पायऱ्यांवर वस्तीतले कोणी पाय ठेवीत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कोणाला बदलताही येत नव्हता.

व्यंकटराव पाटील नंदीपाशी उभे होते. वयाने साठीचे, अंगाने सडसडीत. आवाज चढविण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. "बोला, प्राध्यापक साहेब," ते म्हणाले. "सोयऱ्याला सोडवायला कालपासनं तळ्याभोवती फिरायलाव म्हने."

"मी बोलणार नाही," भुजंग म्हणाला. "मी कशाला हातही लावणार नाही. मी सांगतो तसं तुमच्या माणसांनी करावं, आणि फौजदार साहेबांनी पाहावं."

त्याने हात पाठीमागे बांधले, आणि सर्व वेळ ते तसेच ठेवले. देवळातल्या दोन घागरी आणि एक हंडा मागविला. पाटलांच्या गड्याला घाटाच्या पाण्यात उतरायला सांगितले: पानांच्या खाली घागर आडवी बुडवायची, सावकाश, बुडबुडा वाजता कामा नये. गडी हसला, पण पाटलांनी पाहिल्यावर त्याने तसे केले. दोन्ही घागरी एकाच जागच्या पाण्याने भरल्या. दुसऱ्या घागरीचे पाणी मग हंड्यात उंचावरून ओतायचे, हंड्यातले पुन्हा घागरीत, पुन्हा हंड्यात. भुजंग पुरे म्हणेपर्यंत. पहिलीला धक्काही लावायचा नाही.

"ह्ये काय चहा करायलाव का," मागून कोणी म्हणाले, आणि हशा पिकला. गड्याचे हात भरून आले तरी भुजंग पुरे म्हणेना.

भुजंगने रात्रीच निरोप धाडल्यावरून सितारामने आपल्या पालमकडच्या दुसऱ्या तळ्यातून रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, डब्यातून आणली होती. निम्मी एका घागरीत, निम्मी दुसरीत सोडली. हे काम त्याने कोणाकडेही न पाहता केले.

"पाणी एकच आहे," भुजंग म्हणाला. "विष असेल, तर दोन्हीकडची मरतील. ओतून ओतून विष उडून जात नाही. जात असतं तर फवारणीच्या डब्यातलं गेलं असतं. पाण्यात फक्त हवा मिसळते."

मग वाट पाहणे आले. हसणे विरत गेले. फौजदार पायरीवर वाकून बसले. हळूहळू न हलविलेल्या घागरीतली बोटुकली वर आली आणि पाण्याच्या कडेला तोंडे उघडू-मिटू लागली. एक आडवी झाली. मग आणखी एक. दुसऱ्या घागरीच्या तळाशी बाकीची बोटुकली गोल फिरत होती, जणू काही झालेच नाही. सितारामने आडव्या झालेल्या बोटुकलीला चिमटीत धरून शेजारच्या घागरीत टाकले. ती काही वेळ तशीच पडून राहिली. मग तिचे शेपूट हलले.

"विष न्हाई, पाटील," सिताराम म्हणाला. "आन मरळ एक बी मेली न्हाई. ते बी खरं हाय."

फौजदारांनी उभे राहून गुडघे झटकले. "विष नाही, तर माझं इथं काम नाही," ते म्हणाले. "बाटलीचा जबाब येईल तेव्हा येईल. आज मी कोणाला नेत नाही."

पलीकडच्या काठावर एक हुंकार उठला आणि लगेच दबला. भुजंगने हात सोडले नाहीत. कारण व्यंकटराव हलले नव्हते.

"बरं," व्यंकटराव म्हणाले. "विष न्हाई, मान्य. मंग कशानं मेले?"

"या पानांनी. पाण्याला हवा नाही, उजेड नाही."

"सोनकमळानं मारले म्हनता. देवाच्या फुलानं."

"हे आपल्या तळ्याचं फूल नाही, पाटील. आपली पोयणी निळी. तिचं पान साधं हिरवं, ती धावत नाही. तुमच्या लहानपणी ती इथं होती, तुम्हीच सांगा, तिनं कधी तळं असं झाकलं होतं?"

व्यंकटरावांनी तळ्याकडे पाहिले. त्यांना निळी पोयणी आठवली असावी. कारण त्यांनी तो मुद्दा सोडून दिला. नंदीच्या गळ्यात कालच्या पिवळ्या फुलांची माळ कोमेजून लोंबत होती, तिच्यावर त्यांचा हात गेला.

"मंग आलं कुठनं?"

पानांवर पावसाची भुरभुर वाजत होती. भुजंगच्या तोंडी वाक्य तयार होते. त्याने ते उच्चारायला सुरुवातही केली. "पाणपक्ष्यांच्या पायांना..."

"मी आणलं," मुंजाजी म्हणाला.

त्याने ते मोठ्याने म्हटले नव्हते, पण घाटाच्या तळच्या पायरीपर्यंत ते पोचले. "नांदेडच्या हौदातनं आणलं, बुद्धाला वाहायला. समाजमंदिराच्या पायरीखाली लावलं. अजून बी मूळ झाड तिथंच हाय, दगडाचं आळं हाय, जाऊन बघा. घाटाकडं मी न्हाई आणलं. ते आपलं आपलं आलं. मला ठावं असतं मासे मरत्यात, तर आणलंच नसतं. भुजंग काल म्हन्ला, बोलू नका. पर न बोलून ते तसंच राहिलं, तर फुडच्या साली पुन्हा आमचीच मानगूट."

चार वर्षे रोज दुपारी घंटा वाजवून वाहिलेली फुले घाटावरच्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून गेली असतील. पुजाऱ्याने आपले हात धोतराला पुसले. कोणी हसले नाही. पलीकडच्या काठावर तानुबाईने शेजारणीचा दंड धरला होता. फौजदारांचा हात नकळत कमरेच्या पट्ट्यावर गेला. त्यांच्याबरोबर दोनच शिपाई होते.

व्यंकटरावांनी नंदीच्या गळ्यातली माळ ओढली. ती तुटली. त्यांनी ती पायरीवर टाकली, आणि गड्यांकडे न पाहता म्हणाले, "विळे आणा."

माणसे गावात पळाली. त्या वेळात बांधावर कोणी जागचे हलले नाही. फौजदार म्हणाले, "पाटील," आणि ते एक पायरी वर चढले. व्यंकटराव तळ्याकडे पाहत होते की तळ्यापलीकडच्या छपरांकडे, हे भुजंगला कळेना. दोन्ही एकाच रेषेत होते. मुंजाजीने पागोटे काढून हातात घेतले, पुन्हा डोक्यावर ठेवले.

विळे घेऊन माणसे आली. ती घाटाच्या वरच्या पायरीवर थांबली, आणि व्यंकटरावांच्या तोंडाकडे पाहू लागली. तिथून उजवीकडे बांध होता आणि बांधावरून वस्ती, समोर पाणी.

व्यंकटरावांनी बराच वेळ घेतला. मग त्यांनी हनुवटीने पाणी दाखविले.

माणसे पायऱ्या उतरली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरली. त्यांनी विळे चालविले ते गवतावर चालवावेत तसे नव्हे. प्रत्येक घावात चार वर्षांचा राग होता. पानांचे तुकडे उडाले, देठ तुटले, खालचा चिखल ढवळून वर आला, आणि त्या चिखलाबरोबर भुजंगला दिसल्या त्या लहान लहान केळीच्या फण्या, मुळांपासून तुटून तळ्यात चहूकडे पसरणाऱ्या. एकेक फणी म्हणजे एकेक नवे झाड. अशीच कापणी चालली, तर पुढच्या पावसाळ्यात आजच्यापेक्षा दाट छत येईल, आणि ते कोणी लावले हे आता सगळ्या गावाला ठाऊक होते.

"कापू नका," तो बांधावरून ओरडला. "कापून ती जास्तच पसरते. चिखलात हात घालून मुळासकट काढा. फण्या गोळा करून वर टाका, जाळा."

कोणी ऐकले नाही. विळे चालूच होते. त्याने पुन्हा सांगितले.

व्यंकटरावांनी हात वर केला. पाण्यातली माणसे थांबली.

"तिथनं काय ओरडायलाव, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या मान्सानं लावलंय. कसं काडायचं ते तुमीच येऊन दाखवा."

घाटाकडे बोलावणे होते. त्यात मान नव्हता, आणि उघड धमकीही नव्हती. काय होते ते व्यंकटरावांना तरी ठाऊक असेल की नाही, याची शंका होती. मुंजाजीने भुजंगच्या बाहीला धरले. "मी जातो," तो म्हणाला. "मी आणलंय."

"तुम्हाला फणी ओळखू येणार नाही, दाजी."

हे खरे नव्हते. काल परातीत मुंजाजीने ती नीट पाहिली होती. पण भुजंगने बाही सोडवून घेतली, चपला बांधावर काढल्या, भिंगाची पिशवी मुंजाजीच्या हातात दिली, आणि तो घाटाच्या वरच्या पायरीवर आला. पायरी ओली आणि गार होती. त्याच्या बहिणीने या गावात पंचवीस वर्षे संसार केला होता आणि तिला ही पायरी पायाला कशी लागते ते माहीत नव्हते. तो उतरत गेला. माणसे बाजूला सरली. मार्ग देण्यासाठी की अंग लागू नये म्हणून, ते सांगता येत नव्हते, पण सरली.

पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले. चिखलात पाय रुतले. सरकलेली माणसे पुन्हा जवळ आली आणि त्याच्याभोवती उभी राहिली, हातांत विळे धरून, तो काय करतो ते पाहत.

"आधी दोरी शोधायची," तो म्हणाला. आवाज स्थिर राहिला याचे त्यालाच बरे वाटले. "सुतळीएवढी असते. ओढायची नाही, तुटते. तिच्या मागोमाग हात न्यायचा."

त्यासाठी वाकावे लागणार होते. तो वाकला. हनुवटी पाण्याला टेकली, दोन्ही हात चिखलात गेले, आणि त्याची पाठ उघडी पडली. बोटांना दोरी लागली. ती धरून तो हळूहळू पुढे सरकू लागला. मागे कोणाच्या तरी विळ्याचे पाते पाण्यावर टप्पकन आपटले.

त्याने मान वळविली नाही. त्याच्या उजव्या हाताशेजारी, चिखलात, दुसरा एक हात, विळा सोडून आलेला, दोरी चाचपू लागला होता.